अमेरिकी कॉलेजची जर्सी म्हणजे अमेरिकेचा संघ नव्हे

दोघींच्या जोडीनं वाळूवर खेळल्या जाणाऱ्या बीच व्हॉलीबॉलबद्दल एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: अमेरिकेतल्या कॉलेजकडून खेळलेली मुलगी पुढे अमेरिकेकडूनच खेळते, आणि तिथली जोडीदारच तिची कायमची जोडीदार होते. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

एनसीएए ही कॉलेज क्रीडासंस्था पात्रता ठरवताना नागरिकत्व पाहत नाही. ती प्रवेश, अभ्यासातली प्रगती, खेळायचे उरलेले हंगाम आणि हौशी दर्जाचे नियम पाहते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत मात्र जोडीतल्या दोघीही एकाच देशाच्या महासंघाच्या असाव्या लागतात.

लाटवियाच्या टीना ग्राउदिनाचंच बघा. ती युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाकडून खेळत होती, त्याच काळात अनास्तासिया क्रावचेनोकासोबत तिनं 2019 चं युरोपियन विजेतेपद जिंकलं. टोकियो ऑलिंपिकमध्ये ही जोडी चौथी आली, लाटवियासाठी! वाळूवर अशी कामगिरी करणाऱ्या मुलीला केवळ कॉलेजमुळे ‘अमेरिकन’ म्हणणं तिच्यावर अन्याय आहे.

जोडीदाराचं गणित तर आणखी वेगळं. कॉलेजच्या लढतीत प्रत्येक संघाच्या पाच जोड्या उतरतात आणि त्या प्रशिक्षक लावतात. व्यावसायिक खेळात निवड खेळाडूंची. अमेरिकेच्या केली चेंग आणि सारा ह्यूज कॉलेजात अजिंक्य वाटायच्या, तरी 2018 मध्ये वेगळ्या झाल्या. केली टोकियोला सारा स्पॉन्सिलसोबत गेली. पुढे जुनी जोडी पुन्हा जमली आणि 2023 मध्ये मेक्सिकोत विश्वविजेती ठरली.