काळी फुप्फुसं दाखवून पोरं का ऐकत नाहीत

३१ मे जवळ आला की जागतिक तंबाखूविरोधी दिनाची पोस्टर्स फिरायला लागतात, काळंकुट्ट फुप्फुस, कवटी आणि खाली 'तंबाखू म्हणजे मृत्यू'. खोटं त्यात काही नाही, जगात वर्षाला ७० लाखांहून जास्त माणसं तंबाखूपायी जातात. पण हे पोस्टर बघणारं पोरगं चौदा वर्षांचं असतं आणि त्याला सांगितलं जातं पन्नाशीतल्या कॅन्सरबद्दल. आपण कधी पन्नाशीचे होऊ हेच त्याला खरं वाटत नसतं, कॅन्सर तर त्याच्याही पुढची गोष्ट. आणि मग मोठी माणसं म्हणतात, हल्लीच्या पोरांना भीतीच नाही. अहो, प्रश्न भीती नसण्याचा नाहीच, चौदाव्या वर्षी तंबाखूतलं निकोटिन मेंदूत काय करतं ते बघा आधी.

एक आकडा सुरुवातीलाच सांगतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या, २०१२ च्या अहवालानुसार रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी साधारण ८८ टक्के लोकांनी पहिली सिगारेट अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली असते. म्हणजे हा धंदा पोरांवरच चालतो. कंपन्यांनाही हे चांगलंच माहीत होतं, १९९० च्या दशकातल्या कोर्टकेसेसमध्ये त्यांची आतली कागदपत्रं बाहेर आली, त्यात १९८४ च्या एका कागदात सरळ लिहिलंय की जुनी गिऱ्हाइकं गळतात त्यांची जागा भरून काढायला तरुण हाच एकमेव मार्ग.

आता माझा आवडता भाग. आपल्या मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं एक रसायन असतं, ते चेतापेशीवरच्या रिसेप्टरला चिकटतं, रिसेप्टर म्हणजे पाच प्रोटीनच्या तुकड्यांचं एक बारीक दार, ते उघडतं, सोडियम-कॅल्शियमचे आयन आत शिरतात, पेशी पेटते. काम झालं की एक एन्झाइम काही मिलिसेकंदात ॲसिटिलकोलिनचे तुकडे करून टाकतं. निकोटिनचा आकार त्या रिसेप्टरला फसवण्याइतपत जुळतो, पण ते एन्झाइम निकोटिनला तोडू शकत नाही. पाहुण्यानं दारावरची बेल वाजवून बोट काढायचं असतं, हा बोट ठेवून उभाच राहतो. थोड्या वेळानं घरातला माणूस वैतागून बेलकडे लक्षच देईनासा होतो, म्हणजे रिसेप्टर बंद अवस्थेत जातो, याला डिसेन्सिटायझेशन म्हणतात. आणि मग पेशीला वाटतं बेल बिघडल्या, म्हणून ती आणखी बेल बसवते! नेहमी ओढणाऱ्यांच्या मेंदूत हे रिसेप्टर खरोखर वाढलेले दिसतात, स्कॅनमध्ये मोजता येतात.

आता रात्रभर निकोटिन नाही मिळालं. रक्तातलं निकोटिन दर दोनेक तासांनी निम्मं होतं, तेव्हा सकाळपर्यंत जवळपास गेलेलं असतं. त्या सगळ्या जास्तीच्या बेल एकदम चालू होतात. चिडचिड, लक्ष न लागणं, हात चाळवणं ते यामुळे. पहिली सिगारेट ओढली की बरं वाटतं, आणि माणूस म्हणतो सिगारेटनं टेन्शन जातं. टेन्शन तिनंच आणलेलं असतं, हे त्याला कोण सांगणार.

आणि किती निकोटिन लागतं त्यासाठी? २००६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी माणसांच्या मेंदूचे PET स्कॅन करून पाहिलं, त्यात कुठले रिसेप्टर भरलेत ते दिसतं. एकदोन झुरक्यांतच अल्फा४बीटा२ नावाच्या एका जातीचे निम्मे रिसेप्टर निकोटिननं भरले आणि तीन तासांच्या आसपास तसेच राहिले, पूर्ण सिगारेटमध्ये ८८ टक्क्यांच्या वर. 'मी एकदोनच झुरके मारतो' म्हणणाऱ्यानं हे वाचावं. आता थोडं अवघड आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. डोपामिन, म्हणजे मेंदूला 'हे छान, पुन्हा कर' सांगणारं रसायन, ते सोडणाऱ्या पेशींवर एक ब्रेक असतो, गाबा नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींचा, आणि एक ॲक्सिलरेटर असतो, ग्लुटामेटवाल्यांचा. गाबावाल्यांवर अल्फा४बीटा२ जास्त असतात आणि ते लवकर थंडावतात, ग्लुटामेटवाल्यांवर अल्फा७ जातीचे असतात, ते त्या डोसला तितके थंडावत नाहीत. म्हणजे ब्रेक सुटला आणि ॲक्सिलरेटर दाबलेलाच, म्हणून निकोटिन कमी झालं तरी डोपामिनचा जोर बराच वेळ राहतो. बिनडोक रेणू आहे पण काम किती चलाखीचं!

किशोरवयात यात आणखी एक गोष्ट मिसळते. 'थांब, विचार कर' म्हणणारा मेंदूचा कपाळामागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, विशीच्या मध्यापर्यंत पूर्ण तयार होत नाही, आणि मजा ओळखणारी यंत्रणा मात्र आधीच जोरात असते. उंदरांवरच्या प्रयोगांत वयात येणाऱ्या उंदरांना निकोटिन प्रौढ उंदरांपेक्षा जास्त आवडतं आणि ते काढून घेतल्यावर त्रास कमी होतो, म्हणजे आवड जास्त आणि शिक्षा कमी, सवय लागायला याहून चांगलं काय पाहिजे. माणसांमध्येही, अमेरिकेत बारा-तेरा वर्षांच्या मुलांचा पाठपुरावा केला तेव्हा काहींना रोज ओढायला लागायच्या आधीच, काही आठवड्यांतच सवय सुटता सुटत नसल्याची लक्षणं दिसली. 'मनावर ताबा असला की सुटतं' हे म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की ताबा ठेवणारा भाग अजून तयार होतोय पोराचा.

मग प्रचार करायचाच नाही का? करायचा, पण शहाणपणानं. फ्लोरिडानं १९९८ मध्ये 'ट्रुथ' नावाची मोहीम काढली, पैसा आला तंबाखू कंपन्यांनी राज्याला द्यायच्या भरपाईतून. त्यात पोरांना 'ओढू नका' असं सांगितलंच नाही, सांगितलं की कंपन्या तुम्हाला मूर्ख बनवतायत, ही त्यांचीच कागदपत्रं. पुढे देशभर मोहीम गेली तेव्हा एका जाहिरातीत तरुणांनी न्यूयॉर्कमधल्या एका मोठ्या सिगारेट कंपनीच्या इमारतीबाहेर मृतदेहाच्या १,२०० पिशव्या रचल्या होत्या, कारण त्या काळी रोज अमेरिकेत तंबाखूनं इतके लोक मरत होते. या वयात बंड करायचंच असतं, त्याची दिशा फक्त कंपनीकडे वळवली. १९९८ ते २००० मध्ये फ्लोरिडात मिडल स्कूलमधल्या, म्हणजे साधारण सहावी ते आठवीच्या, मुलांचं सिगारेट ओढण्याचं प्रमाण १८.५ वरून ११.१ टक्क्यांवर आलं.

गंमत म्हणजे १९९८ मध्येच फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीनं स्वतःची 'विचार करा, ओढू नका' छाप मोहीम काढली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की ती पाहिलेल्या मुलांचा कल ओढण्याकडे उलट जास्त होता. मोठ्यांनी 'तुम्ही लहान आहात' म्हटलं की काय होतं ते यात दिसतं, आणि मोहिमेमागे कुणाचा पैसा आहे हे बघायचं कारणही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचं, जो २००५ पासून अमलात आहे, ५.३ कलम नेमकं याचसाठी आहे, आरोग्य धोरणात कंपन्यांचे हात नकोत म्हणून.

किमतीचंही सांगून टाकतो, त्यात रोमांच काही नाही पण काम तेच करतं. किंमत १० टक्के वाढली की खप साधारण ४-५ टक्के कमी होतो, आणि पोरांच्या खिशात पैसे कमी, त्यामुळे त्यांच्यावर परिणाम जास्त. वेष्टनाचं बघा, ऑस्ट्रेलियानं २०१२ मध्ये सगळ्या पाकिटांना एकच मळकट चिखली रंग दिला, लोगो गेले, ब्रँडची ऐट गेली. आणि मेंथॉल. ते घशातल्या थंडी ओळखणाऱ्या रिसेप्टरला चाळवतं, धुराचा चटका जाणवत नाही, म्हणजे पहिल्या झुरक्याला खोकला आला की पोरगं सिगारेट टाकून देतं, हा निसर्गाचा फुकटचा इशाराच बंद. युरोपियन युनियननं २०२० मध्ये मेंथॉल सिगारेट बंद केल्या ते बरंच केलं.

इंटरनेटवर 'निकोटिन बाहेर काढणारे' डिटॉक्स चहा नि काढे विकणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. निकोटिन शरीर आपलं आपण बाहेर टाकतं, दोनतीन दिवसांत. जे राहतं ते वाढलेले रिसेप्टर, आणि त्यांना पहिल्यासारखं व्हायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, कुठला चहा त्यात घाई करत नाही. तसंच 'हर्बल' सिगारेटचं, पानं कसलीही जाळा, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येणारच.

आणि व्हेप, म्हणजे ई-सिगारेट, 'म्हणजे नुसती वाफ' असंही नाही, तो प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरिनचा बारीक फवारा असतो. त्यात बेन्झोइक ॲसिड घालून निकोटिनचा क्षार केला की घशाला लागत नाही आणि जास्त डोस आरामात जातो. मग आता आल्यात ओठ आणि हिरडीच्या मध्ये ठेवायच्या छोट्या पांढऱ्या पिशव्या, त्यांत तंबाखूचं पानच नसतं, पण निकोटिन असतं. तंबाखूची व्याख्या करून बसलेले कायदे यांना पकडू शकत नाहीत. बेल्जियमनं २०२३ मध्ये त्या पिशव्यांवर बंदी घातली आणि १ जानेवारी २०२५ पासून वापरून टाकायच्या व्हेपवरही.