परिचारिकेचा मूकपट डब्यातच कसा संपतो?

ब्रिटिश परिचारिका इडिथ कॅव्हेल हिने जर्मनव्याप्त बेल्जियममधून दोस्त सैनिकांना निसटायला मदत केली. त्यासाठी १२ ऑक्टोबर १९१५ रोजी ब्रुसेल्समध्ये तिला गोळ्या घातल्या गेल्या. १९१६ च्या सुरुवातीलाच ऑस्ट्रेलियात तिच्यावरचा ‘द मार्टर्डम ऑफ नर्स कॅव्हेल’ हा मूकपट झळकला. आज तो हरवलेल्या चित्रपटांत मोडतो. अमेरिकेतल्या मूक कथापटांपैकीही सुमारे ७० टक्के पूर्ण नाहीसे झाले आहेत.

फिल्मवरच्या चित्राच्या थरातली चांदी काढून घेण्यासाठी पुष्कळ प्रती वितळवल्या गेल्या, हे खरं. पण उरलेल्यांचा घात त्यांच्याच रसायनाने केला. त्या काळची ३५ मिमी फिल्म नायट्रोसेल्युलोजची असे; तिलाच नायट्रेट फिल्म म्हणतात. दमट, उबदार हवेत त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, ओलाव्यात मिसळून आम्ल बनतात आणि ते आम्ल फिल्मला आणखी कुजवतं. डबा घट्ट बंद असेल तर वायू आतच कोंडतो आणि कुजण्याचा वेग वाढत जातो. काळजीपोटी लावलेलं घट्ट झाकणच इथे घातक ठरतं!

आधी चित्र पिवळसर होऊन पुसट होतं, मग थर चिकट होऊन वेढे एकमेकांना धरतात. पुढे बुडबुडे, उग्र वास, फेस आणि शेवटी तपकिरी भुकटी. कुजकी फिल्म साधारण ४० अंश सेल्सियसलाही पेटू शकते. जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्या रेणूतच असल्याने ती पाण्याखालीही जळते. जुलै १९३७ च्या उष्ण लाटेत न्यू जर्सीत फॉक्सचं फिल्म-भांडार असंच भस्मसात झालं. पुण्यातही जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली.

जुना डबा सापडला तर तो उन्हापासून आणि ज्योतीपासून दूर, हवेशीर जागी न्यावा. वायू विषारी असतो. चिकटलेले वेढे ओढू नयेत आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळू नये. कडेला ‘नायट्रेट’ छापलेलं दिसलं तरी लगेच निष्कर्ष काढू नये, कारण सुरक्षित (सहज न पेटणाऱ्या) फिल्मवर प्रत काढताना ती अक्षरंही कधी कधी उमटतात. पुढचं काम राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणच्या जाणकारांचं.

एक हजार फुटी रिळात १६ हजार चौकटी, म्हणजे सुटी चित्रं, असतात. सेकंदाला १६ च्या वेगाने त्या जेमतेम १७ मिनिटं चालतात. पण प्रत काढायला वेळ लागतो, कारण फिल्म आकसलेली असते. आकस एक टक्क्यापर्यंत गेला की कडेची भोकं यंत्राच्या दात्यांवर बसत नाहीत, फाटतात. अशा फिल्मसाठी दाते नसलेला स्कॅनरच वापरावा लागतो.