बिअरनिर्मिती

मोड आणलेल्या धान्यातील, मुख्यतः बार्लीतील (सातूतील), पिष्टाची (स्टार्चची) साखर करून ती यीस्टकडून आंबवली की बिअर तयार होते. द्राक्षाच्या रसात साखर आयतीच असते. धान्यात असते ते पिष्ट, आणि बिअरच्या यीस्टला ते पचत नाही. सुरुवातीचा सगळा खटाटोप या एका अडचणीपायी.

भिजवलेली बार्ली उगवू लागली की पिष्ट फोडणारी विकरे (एन्झाइम्स) दाण्यात तयार होतात. कोंब दाण्यातला साठा खाऊन टाकण्याआधीच दाणे गरम हवेत सुकवतात. हाच माल्ट. आच जितकी कडक तितका त्याचा रंग गडद.

माल्ट भरडताना टरफले शक्यतो अखंड ठेवतात, कारण पुढे गाळणीचे काम तीच करतात. भरड गरम पाण्यात साधारण तासभर मुरवतात. खरे कसब इथेच. ६२°–६५° से. तापमानाला बीटा-अमायलेज हे विकर जोमात असते. आंबणारी साखर जास्त निघते आणि बिअर हलकी, कोरडी होते. ७०° च्या आसपास अल्फा-अमायलेज या दुसऱ्या विकराची सरशी होते, न आंबणारी डेक्स्ट्रिने (पिष्टाचे अर्धवट तुटलेले तुकडे) मागे उरतात आणि बिअरला अंग, म्हणजे भरीवपणा, येतो. माल्ट तोच, पाणी तेच, फरक फक्त काही अंशांचा.

गाळून निघालेला गोड द्राव म्हणजे वर्ट. उरलेला चोथा गुरांना घालतात. वर्ट तास-दीड तास उकळतात आणि त्यात हॉप वेलीची मादी फुले टाकतात. सुरुवातीला टाकलेल्या फुलांतील अल्फा आम्ले उकळीत रूप बदलून कडूपणा देतात, पण सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. म्हणून वासासाठीची फुले अगदी शेवटी पडतात.

मग वर्ट झटपट गार करून यीस्ट घालतात. बिअरचे दोन मुख्य प्रकार: एल १५°–२४° से.ला, तर लागर ८°–१३° से.ला आंबवतात, लागर नंतर कित्येक आठवडे शून्य अंशाच्या आसपास मुरते. जर्मनीतील बव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध बिअर-नियमात बार्ली, हॉप आणि पाणी एवढेच घटक सांगितले होते. यीस्टचा उल्लेखच नव्हता. डॅनिश शास्त्रज्ञ एमिल ख्रिस्तियान हान्सेन यांनी १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले आणि दर घाण्याला तीच चव मिळवणे आवाक्यात आले.

आंबवण संपल्यावरही घाई नडते. यीस्टच्या कामातून डायअॅसिटिल नावाचे द्रव्य तयार होते आणि त्याला लोण्यासारखा वास असतो. वेळ दिल्यास यीस्टच ते परत शोषून घेते. बाटली तपकिरी काचेची असते तीही कारणाने: उजेड लागला की हॉपमधील कडू द्रव्यांपासून उग्र दुर्गंधी सुटते.