पैलवानानं गादी का भिजवली

आमच्यात एक बोका आहे, नाव पैलवान. कोल्हापुरात मंगळवार पेठेत घर, दोन घरं सोडून तालीम, त्यामुळं नाव शोधायला डोकं चालवावं लागलं नाही. अंगानं म्हणाल तर पावणेचार किलो, म्हणजे नावाला जागणारा अजिबात नाही. तर गेल्या पावसाळ्यात या गड्यानं माझ्या गादीवर मुतायला सुरुवात केली. एकदा झालं, म्हटलं असू दे, धो धो पाऊस लागलाय, बाहेर जायचा कंटाळा केला असंल. दुसऱ्यांदा झालं तशी आई म्हणाली, "राग काढतंय ते तुझ्यावर. परवा हाकललास की त्याला, मी बघितलो." तिसऱ्यांदा मात्र माझं डोकं सटकलं, पैलवानाला गॅलरीत कोंडलं आणि गादीवर भसाभस काळं फिनाईल ओतलं.

यात आम्ही जे जे केलं ते सगळं चुकलं होतं, आणि का चुकलं ते कळायला मला थेट वाळवंटापर्यंत जावं लागलं.

म्हणजे असं की आपण ज्याला घरचं मांजर म्हणतो त्याचा पूर्वज आफ्रिकेतलं आणि पश्चिम आशियातलं रानमांजर, शास्त्रीय नाव फेलिस लिबिका. कोरड्या, पाण्याचा दुष्काळ असलेल्या मुलखातला प्राणी. साधारण १०,००० वर्षांपूर्वी तिकडं माणसानं शेती सुरू केली, धान्य साठवायला लागला, धान्यामागं उंदीर आले आणि उंदरांमागं ही आली. कुणी पाळली नाही, स्वतःच येऊन राहिली, आजही तोच ॲटिट्यूड आहे. सायप्रस बेटावर एका माणसाच्या थडग्याशेजारी जेमतेम ४० सेंटिमीटरवर मांजराचा सांगाडा सापडलाय, सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा, २००४ साली तो जगासमोर आला. त्या बेटावर मूळची मांजरंच नव्हती, म्हणजे कुणीतरी होडीत घालून नेली असणार. मांजर आणि होडी, कसं नेलं असंल त्याचं त्यालाच माहीत, आम्हाला पिशवीतनं दवाखान्यात न्यायचं तर हाताची चाळण होते.

तर मुद्दा पाण्याचा. वाळवंटातल्या जनावरानं पाणी वाचवायचं कसं, तर मूत्रपिंडातनं पाणी परत शोषून घ्यायचं आणि लघवी एकदम घट्ट करायची. आणि तहान म्हणाल तर मुळात कमी, कारण त्याचं पाणी त्याच्या शिकारीतच असतं, उंदराच्या अंगात ७० टक्क्यांच्या आसपास पाणीच की. आता आम्ही पैलवानाला काय घालत होतो? पाकिटातलं कुरकुरीत ड्राय फूड, ज्यात पाणी १० टक्के. कोरडं खाणं आणि तहान नसलेला प्राणी, म्हणजे लघवी अजून घट्ट, मग त्यात क्षारांचे बारीक खडे धरतात, मूत्राशयाला आतनं सूज येते, आग होते. त्यात टेन्शनची भर. हो, मांजराला टेन्शन येतं आणि ते सरळ मूत्राशयावर उतरतं, हे डॉक्टर लोकांना चांगलं ठाऊक आहे. पावसानं बाहेर जाणं बंद, खिडकीखाली एक नवा पिवळा बोका येऊन रात्रभर बोंबलतोय, आणि वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवलेला ट्रे, जे मशीन स्पिनला लागलं की अख्खी मोरी हलते.

अशा वेळी ट्रेमध्ये बसल्यावर दुखतं. मग मांजराच्या डोक्यात बसतं की हा ट्रेच दुखवतोय, आणि ते मऊ, कोरडी, शांत जागा शोधतं, जी घरात एकच असते आणि ती म्हणजे तुमची गादी. सूड-बिड काही नाही त्यात.

मला हे कळलं ते चौथ्या दिवशी, आणि फुकट नाही कळलं. पैलवान सारखा ट्रेमध्ये जाऊन बसायचा, पाच-पाच मिनिटं, कुंथायचा, एखादा थेंब, उठायचा, मागचं चाटायचा, परत बसायचा. आई म्हणाली पोट साफ होत नाही त्याचं, तूप चाटव. मी चाटवलं. संध्याकाळी बघतो तर पलंगाखाली कोपऱ्यात गोळा होऊन बसलेला, हात लावला की घशातनं एक विचित्र खोल आवाज. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि माझा हात धरून तिथं लावला. मूत्राशय रिकामं असताना हाताला लागत पण नाही म्हणे, इथं मोठ्या लिंबाएवढा कडक गोळा. मूत्रमार्ग बंद झाला होता. बोक्याची नळी टोकाकडं अगदी अरुंद होत जाते, खडे आणि चिकट घाण तिथं बूच मारून बसते. लघवी अडली की पोटॅशियम रक्तात साठत जातं आणि ते हृदयाचे ठोके बिघडवतं, दोन-तीन दिवसांत खेळ खलास. कॅथेटर घातला, सलाईन लावलं, तीन दिवस दवाखान्यात. म्हणून बोका ट्रेमध्ये बसून नुसता कुंथतोय आणि खाली काही येत नाही असं दिसलं की तूप नको, सकाळची वाट पण नको, त्याच वेळी उचलून न्यायचं. मांजरीची नळी रुंद असते, तिला हे क्वचित होतं.

आता वासाकडं येतो, कारण घरात खरी भांडणं त्यावरनंच झाली. पहिल्या संध्याकाळी गादीला फारसा वास नव्हता, म्हणून मी नुसतं ओल्या फडक्यानं पुसून चादर बदलली. दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीत पाय ठेववेना. हे असं उलटं का, तर मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचा एक गंधकवाला पदार्थ असतो. ताज्या लघवीत तो जवळजवळ बिनवासाचा, पण हळूहळू तुटत जातो आणि त्यातनं उग्र वासाची गंधकाची संयुगं सुटतात. म्हणजे मांजर एकदा सही करून जातं आणि शाई नंतर गडद होत राहते. नसबंदी न केलेल्या बोक्यात हे फेलिनिन सगळ्यात जास्त, म्हणून नसबंदीनंतर वास बराच कमी येतो (पैलवानाची झाली, दवाखान्यातनं आल्यावर महिनाभरानं, आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं). ओलं असतानाच दाबून दाबून टिपायचं, भरपूर पाणी, आणि मग एन्झाइमवालं क्लीनर, नाहीतर एन्झाइम असलेली कपड्याची पावडर पाण्यात कालवून लावायची आणि तासभर तशीच मुरू द्यायची. नुसत्या सुगंधी लिक्विडनं फक्त तुमचं नाक फसतं. मांजराचं नाक तुमच्या कितीतरी पटीनं तिखट, त्याला खालची सही स्वच्छ वाचता येते आणि ते परत तिथंच जातं.

आणि फिनाईल. यावर जरा जास्त बोलतो, कारण कोल्हापुरात घरटी एक काळी बाटली असतेच. फिनॉलसारखी द्रव्यं पोटात गेली की आपलं यकृत त्याला साखरेसारखा एक रेणू चिकटवतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. हे चिकटवायचं काम करणारं जे मुख्य जनुक आहे ते मांजरात मोडून पडलंय, आहे पण कामाचं नाही. पिढ्यानपिढ्या नुसतं मटण खाल्लं, झाडपाल्यातली विषं पोटात जायचा प्रश्नच नव्हता, मग ते जनुक बिघडलं तरी कुणाचं अडलं नाही. आज अडतं. फिनाईलच्या फरशीवरनं मांजर चालतं, पंजे चाटतं, झालं. पॅरासिटामॉलचं पण हेच, ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आमच्या गल्लीत मांजराला ताप आला की क्रोसिनचा पाव तुकडा देणारे प्रेमळ लोक आहेत, त्यांना हात जोडून सांगतो, नका देऊ.

असंच अजून एक मोडकं जनुक म्हणजे गोडाचं. जिभेवर गोड ओळखणारा जो रिसेप्टर असतो त्याचा अर्धा भाग मांजरात बनतच नाही, हे २००५ साली शोधून काढलं. म्हणजे आख्ख्या कोल्हापूरचा गूळ तिच्यापुढं ओतला तरी मातीच. गुऱ्हाळावर काहिलीच्या आसपास मांजरं दिसतात ती चुलवाणाच्या उबेला आणि उंदरांना आलेली असतात, काकवीशी त्यांना काही घेणंदेणं नाही.

दूध मात्र ती पितात, आवडीनं पितात, साय आवडते. आणि आपल्याकडं गंगावेशीत म्हशीची धार समोर काढून ग्लास हातात देणारं गाव, दूध नको म्हणणारा पाहुणा आपल्याला संशयास्पद वाटतो. पण पिल्लू आईचं दूध सोडतं तसं दुधातली साखर पचवणारं लॅक्टेज त्याच्या आतड्यात कमी कमी होत जातं. न पचलेली साखर पुढं जाते, तिथले जंतू तिच्यावर ताव मारतात, गॅस, आणि मग पातळ जुलाब, तेही नेमके सोफ्यामागं. एखाद्याला चमचाभर चालतं, एखाद्याला तेवढंही नाही.

रश्श्याचं तर अजून वाईट. रविवारी मटण झालं की ताटातला रस्सा भाताला लावून मांजराला घालायची आपली रीत. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात, आणि मांजराचं हिमोग्लोबिन या बाबतीत फारच नाजूक. ज्या जागी हा हल्ला होतो तशा जागा माणसाच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत २, मांजराच्या ८. किलोमागं ५ ग्रॅम कांद्यानं त्रास होऊ शकतो, म्हणजे पैलवानाच्या वजनाला २० ग्रॅमच्या आसपास, मध्यम कांद्याचा पाचवा हिस्सा. शिजवून विष जात नाही. मी म्हटलं बरं, तांबडा नको, पांढरा नको, अळणी तर देऊ? तर आईच म्हणाली, "अळणीत आलं-लसूण काय शेजारची टाकते व्हय?" खरंच की. अळणी म्हणजे बिनतिखटाचं, बिनलसणाचं थोडंच. आता मटण धुतलं की त्याचे चार तुकडे आधीच वेगळे काढून नुसत्या पाण्यात शिजवतो, आणि ते पाणी फेकत नाही, त्याच्याच वाटीत घालतो. कारण टॉरिन म्हणून एक घटक मांजराला मांसातनंच घ्यावा लागतो, त्याच्या अंगात तो पुरेसा तयार होत नाही, आणि शिजवताना तो पाण्यात उतरतो. टॉरिन कमी पडलं की डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून ढिलं पडतं. हृदयाचं हे कारण १९८७ साली कळलं आणि त्यानंतर कंपन्यांनी मांजराच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. दूध-भातावर वाढलेलं मांजर गुबगुबीत दिसतं खरं, पण आतनं उपाशी असतं.

ट्रेचं आम्ही एवढंच केलं की एकाचे दोन केले, मशीनपासनं लांब, आणि ओली वाळू बंद. पावसाळ्यात वाळू कधी वाळतच नाही आणि मांजराला पाय ओले करायला आवडत नाही. लाकडाच्या वखारीतनं भुसा आणतो, तो जरा घरभर होतो, पण वास धरतो. ट्रे मात्र रोजच्या रोज साफ. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतनं बाहेर पडला की लगेच लागण करत नाही, त्याला पिकायला १ ते ५ दिवस लागतात, त्याच्या आत काढून टाकलं की विषय संपला. घरात कुणी गरोदर असंल तर तिला ट्रेला हात लावू देऊ नका, मांजर घराबाहेर काढायची गरज नाही.

पहाटेच्या धिंगाण्याचं लोक फार विचारतात. मांजराची शिकारीची वेळ म्हणजे पहाट आणि तिन्हीसांजा, तेव्हाच उंदीर फिरतात. तालमीतली पोरं साडेचारला उठतात, आमचा पैलवान पण साडेचारलाच उठतो, फरक एवढाच की तो जोर माझ्या पोटावर काढतो. रात्री झोपायच्या आधी दोरीमागं पंधरा मिनिटं पळवायचा आणि मग जेवण द्यायचं, शिकार-जेवण-झोप असा त्याचा क्रम आहे, तो पाळला की सहापर्यंत शांतता मिळते. कोल्हापुरी चपलेवर नखं चालवतो त्याला मात्र इलाज सापडलेला नाही. पंज्याखाली वासाच्या ग्रंथी असतात, ओरबाडून तो आपला वास ठेवतो, आणि नखाचं जुनं टरफल पण निघतं. टेबलाच्या पायाला गोणपाट गुंडाळून दिलंय. तेही ओरबाडतो, चप्पल पण ओरबाडतो.

राहिलं पाणी. डॉक्टरांनी सांगितलं पाणी पोटात गेलं पाहिजे, कसंही करून. ओलं खाणं वाढवलं, आणि घरात तीन ठिकाणी पसरट वाट्या ठेवल्या, जेवणाच्या वाटीपासनं लांब. पैलवान तिन्ही वाट्या हुंगतो, एका वाटीत पंजा बुडवून बघतो आणि निघून जातो. मग मोरीत जातो, बादलीच्या काठावर पुढचे दोन पाय टेकतो आणि तिथं पितो. मोबाईलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं एकदा. कुत्र्यासारखी जिभेची पळी करून पाण्यात बुडवत नाही तो, जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवतो आणि झटक्यात वर खेचतो, त्याच्याबरोबर पाण्याचा बारीक खांब उभा राहतो, आणि तो खाली पडायच्या आत तोंड मिटतो. सेकंदाला चारेक वेळा. अमेरिकेत एका शास्त्रज्ञानं आपल्या घरच्या मांजराला असंच बघून त्याचं गणित मांडलं, २०१० साली छापून आलं. मी तो व्हिडिओ आईला दाखवला. आई म्हणाली, "ते सगळं खरं, पण त्या बादलीतलं पाणी मी आंघोळीला घेतो."

आता बादल्या दोन आहेत.