कापसाच्या धुळीने छाती धरली तर: राज्य विम्यात दावा कसा करायचा

सूतगिरणीत ब्लो रूम (कापूस मोकळा करण्याचं खातं) किंवा कार्डिंगला (पिंजण्याचं खातं) आयुष्य घालवलेल्या कामगाराच्या केसपेपरवर अनेकदा एवढंच लिहिलेलं असतं: दमा. या एका शब्दाने त्याचं मोठं नुकसान होतं. कामगारांच्या राज्य विमा योजनेत (ईएसआय) दमा हा साधा आजार. त्यासाठी वर्षाला जास्तीत जास्त 91 दिवस, मजुरीच्या 70 टक्के रक्कम मिळते. तोच त्रास कापसाच्या धुळीमुळे झालेला बिसिनोसिस ठरला, तर कायदा त्याला कामावर झालेली इजा मानतो. मग अपंगत्व असेपर्यंत सुमारे 90 टक्के, आणि ते कायमचं ठरलं तर कमाईची क्षमता जितकी घटली त्या प्रमाणात तहहयात दरमहा रक्कम.

पात्रता अशी: कारखान्यात 10 किंवा जास्त कामगार, पगार 21,000 रुपयांपर्यंत आणि विमा क्रमांक चालू. पगारातून 0.75 टक्के कापले जातात, मालक 3.25 टक्के भरतो. कंत्राटी कामगारही यात येतो. पावतीवर कपात दिसते का, ते आजच बघा.

खरी अडचण निदानाची असते. एक्स-रे साफ निघतो आणि माणूस हिरमुसून घरी जातो. पण हा रोग एक्स-रेवर ठरत नाही. सुरुवातीला सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत छाती आवळते आणि पुढच्या दिवसांत हलकी होते. मालेगावात माग शुक्रवारी बंद असतात, म्हणून तिथे हे शनिवारी विचारायचं. त्याच दिवशी पाळीआधी आणि पाळीनंतर फुंकर मारण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. दोन आकड्यांतली घट हाच मोठा पुरावा. रोग जुना झाला की त्रास रोजचाच होतो, त्यामुळे आधी कसं व्हायचं तेही डॉक्टरांना सांगा. बिडी ओढत असाल तर लपवू नका.

सुरुवात विमा दवाखान्यातून करा. "मी कापसाच्या धुळीत काम करतो," हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्याच. तिथून पुढे पाठवणी होते. मुंबईत परळच्या महात्मा गांधी स्मारक रुग्णालयात विमा महामंडळाचं व्यवसायजन्य रोग केंद्र आहे. पैशांचा दावा महामंडळाच्या शाखा कार्यालयात द्यायचा. कायमचं अपंगत्व वैद्यकीय मंडळ ठरवतं.

सोबत ई-पहचान कार्ड (विम्याचं ओळखपत्र), आधार, बँक पासबुक, पगारपावत्या, सगळे केसपेपर आणि तपासण्या न्या. सर्वांत मोलाचा कागद म्हणजे कामाचा इतिहास: कोणत्या खात्यात, कोणत्या साली, किती वर्षं. या रोगासाठी धुळीतल्या कामाचा किमान काळ बघतात. गिरणी बंद पडली की हे दाखले मिळता मिळत नाहीत. हजेरी कार्ड, बदलीचा कागद, जुना गेटपास, काहीही फेकू नका.

मंडळाचा निकाल पटला नाही तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणात किंवा विमा न्यायालयात जाता येतं. निकालपत्र हातात पडल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा.

शेड लहान आहे आणि विमाच नाही? तर भरपाई थेट मालकाकडून मागायची. त्याला लेखी नोटीस द्या आणि दावा नुकसानभरपाई आयुक्तांपुढे दाखल करा. कागद मात्र हेच लागतील.