गणित झटपट, हेलपाटे फार

पावसाळा लागला की सांगलीत दर तासाला कुणीतरी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी मोबाइलवर पाठवतं. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. या आकड्यांमागोमाग दोन तऱ्हेचे मेसेज फिरतात. एकात नक्षत्राचं वाहन बेडूक की म्हैस यावरून पाऊस ठरलेला असतो, दुसऱ्यात ‘एआय’नं पुराची तारीख परस्पर सांगून टाकलेली असते. पहिल्याला आपण हसतो आणि दुसरा बिनदिक्कत पुढे ढकलतो.

पुराचं खरं गणित फारच रुक्ष असतं. नदी आणि काठाचा प्रदेश छोट्या चौकटींत कापायचा, प्रत्येक चौकटीत पाणी किती खोल आहे आणि कुठे वाहतंय ते मांडायचं, मग शेजारच्या चौकटी बघून पुढच्या क्षणाची स्थिती काढायची. चौकटी लाखो-कोटींनी, आणि क्षणही हजारो. असली कामं फोरट्रान नाहीतर सी++ या प्रोग्रामिंगच्या भाषांतच करायची, हॅस्केल किंवा ओकॅमलसारख्या फंक्शनल भाषा (ज्यांत प्रोग्राम म्हणजे फंक्शनांची साखळी) हळू असतात आणि फळ्यापुरत्याच शोभतात, असा इंजिनिअरिंगच्या पोरांत पक्का समज आहे. तो निम्मा खरा आहे. हॅस्केलच्या साध्या यादीत प्रत्येक आकडा मेमरीत सुटा पडलेला असतो आणि त्याच्या पत्त्यावरून शोधत जावं लागतं. तसा प्रोग्राम रखडणारच.

उरलेला निम्मा समज चुकतो, कारण अशा कामात आजच्या यंत्रात बहुधा वेळ खातं ते गणित नव्हे. वेळ जातो आकडे मेमरीतून आणण्यात आणि परत नेऊन ठेवण्यात.

एक उदाहरण घेऊ. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. खोली फुटांतून मीटरमध्ये आणायची, ९.८१ नं गुणायची आणि वर्गमूळ काढायचं. १० फूट पाण्यासाठी उत्तर येतं सेकंदाला सुमारे साडेपाच मीटर. आता समजा १ कोटी चौकटी आहेत आणि प्रत्येक आकड्याला ८ बाइट लागतात, म्हणजे ८ कोटी बाइटांचा रकाना. तीन पायऱ्या वेगवेगळ्या चालवल्या, तर प्रत्येक पायरी ८ कोटी बाइट वाचणार आणि ८ कोटी लिहिणार. एकूण वाहतूक ४८ कोटी बाइट! तिन्ही कामं एका आकड्यावर लागोपाठ उरकून मगच पुढच्या आकड्याला हात घातला, तर तीच वाहतूक १६ कोटींवर येते. हळद दळली की सगळी पोती गोदामात, चाळायला पुन्हा बाहेर, चाळली की परत गोदामात, पुड्या भरायला पुन्हा बाहेर, असा कारभार मार्केट यार्डातला कुठलाही व्यापारी एक दिवस चालू देणार नाही.

पायऱ्या अशा एकत्र गुंफण्याला फ्यूजन म्हणतात. ते हातानंही करता येतं, पण मग सूत्र वाचण्याजोगं राहत नाही. कम्पायलरनं, म्हणजे आपला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामनं, ते करायचं, तर त्याला खात्री हवी की क्रम बदलला तरी उत्तर बदलणार नाही. मधलं एखादं फंक्शन गुपचूप दुसरीकडचा आकडा बदलत असेल, तर ही खात्री मिळत नाही. सी भाषेत दोन पॉइंटर, म्हणजे मेमरीतल्या जागांचे पत्ते, एकाच जागेकडे बोट दाखवत असू शकतात, म्हणून तिथला कम्पायलर बिचकतो. शुद्ध फंक्शन मात्र दिलेल्या आकड्यावरून उत्तर काढतं आणि इतर कशालाही हात लावत नाही. त्यामुळे पायऱ्या गुंफता येतात आणि चौकटी प्रोसेसरच्या हजार गाभ्यांत (कोअरमध्ये) वाटून टाकल्या तरी एकाचा दुसऱ्याला अडथळा होत नाही.

शुद्ध फंक्शन जुन्या रकान्याला हात लावत नाही, मग दर क्षणाला अख्खा नवा रकाना लिहायचा का? दरवेळी नाही. जुन्या रकान्याची पुढे कुणाला गरज नाही हे सिद्ध करता आलं, तर कम्पायलर तीच जागा पुन्हा वापरतो. कोपनहेगन विद्यापीठात घडलेली फुथार्क भाषा ही गोष्ट डेटाच्या प्रकारांच्या (टाइपच्या) नियमांतूनच तपासते आणि ग्राफिक्स कार्डावर चालणारा कोड काढून देते. एफएफटीडब्ल्यू या फूरिये रूपांतराच्या (लाट तिच्या सुट्या वारंवारितांत फोडण्याच्या) गाजलेल्या लायब्ररीची तऱ्हा आणखी वेगळी. तिच्या गाभ्यातला सी कोड माणसानं लिहिलेला नाही, तो ओकॅमलमधल्या एका प्रोग्रामनं लिहिलाय. गूगलचं जॅक्स हे आकडेमोडीचं साधन पायथनमध्ये असूनही शुद्ध फंक्शनच मागतं. त्यात जिट केलेल्या (चालवतानाच कम्पाइल केलेल्या) फंक्शनात प्रिंट लिहून बघा. पहिल्या वेळी ओळ उमटते आणि त्याच आकाराच्या रकान्यांवर पुन्हा चालवलं तर गायब.

गंमत म्हणजे १९५७ साली फोरट्रान आणणाऱ्या चमूचे प्रमुख जॉन बॅकस यांनीच १९७७ च्या ट्युरिंग या संगणकशास्त्रातल्या पुरस्काराच्या भाषणात प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधल्या या चिंचोळ्या वाटेवर बोट ठेवलं आणि फंक्शनल शैलीची बाजू घेतली.

एक अडचण शुद्धतेनंही सुटत नाही. यंत्रात ०.१ आणि ०.२ आधी मिळवून त्यात ०.३ घातले की ०.६००००००००००००००१ येतं, आणि ०.२ व ०.३ आधी मिळवले की नेमकं ०.६. बेरीज हजार तुकड्यांत वाटली की शेवटचे अंक हलतात. म्हणून असे निकाल बरोबरीच्या (==) चिन्हानं ताडून बघायचे नसतात. किती फरक चालेल ते आधी ठरवून त्याच्या आत बसतात का, एवढंच तपासायचं.