जॉन्सन काउंटी वॉर

अमेरिकेतल्या वायोमिंगच्या उत्तर भागात, पावडर नदीच्या खोऱ्यात, बडे गुरंमालक विरुद्ध लहान रँचवाले आणि काउबॉय असा झालेला सशस्त्र संघर्ष. मुख्य चकमकी ९ ते १३ एप्रिल १८९२ या पाच दिवसांतल्या, पण खुनांचं सत्र धरायचं तर सुरुवात १८८९ च्या आसपास मानतात.

वायोमिंगमधली बहुतेक चराऊ जमीन सरकारी होती, म्हणजे गवत कुणाच्याच मालकीचं नाही, ज्याची गुरं आधी आली त्याचा रिवाजाने हक्क. १८७० च्या दशकाच्या शेवटापासून इथे स्कॉटिश आणि इंग्लिश भांडवल ओतलं गेलं, स्वान कंपनी तर एडिनबरामध्येच उभी राहिली, आणि हिशोबाच्या वह्यांत गुरं मोजली गेली ती बरीचशी अंदाजानेच. दुसरीकडे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुणालाही १६० एकर मागता येत होते. एवढ्या कोरड्या मुलखात १६० एकरांत गुरं पोसणं कठीणच, पण ते एकर ओढ्याकाठचे असले की मागचं मैलोन्‌मैल कुरण निरुपयोगी होतं, कारण पाणीच अडतं. भांडण खरं तर पाण्याचं होतं असं म्हणायला भरपूर जागा आहे. बड्यांनीही सरकारी जमिनीला काटेरी तारेची कुंपणं घातली होती, १८८५ मध्ये केंद्राने त्यावर बंदी घातली.

पण अभ्यासकांचा खरा वाद आहे तो बिनडागाच्या वासरांवरून. मोकळ्या कुरणात सगळ्यांची गुरं मिसळलेली, मालकी कळायची ती तापल्या लोखंडाने अंगावर दिलेल्या डागावरून, आणि आईपासून तुटलेलं, डाग नसलेलं वासरू (याला मॅव्हरिक म्हणत) ज्याला सापडेल त्याने डागायचं हा जुना रिवाज. मालक स्वतःच काउबॉयना अशी वासरं डागायला बक्षीस देत, आणि अनेक मोठे कळप असेच वाढले. १८८४ च्या मॅव्हरिक कायद्याने हे उलटं केलं. वसंतातला राउंडअप, म्हणजे विखुरलेली गुरं गोळा करून डागण्याचं काम, वायोमिंग स्टॉक ग्रोअर्स असोसिएशन या बड्या गुरंमालकांच्या संघटनेच्या ताब्यात गेला, त्यात सापडलेल्या बेवारस वासरांचा लिलाव व्हायचा, पैसा असोसिएशनच्या इन्स्पेक्टरांच्या पगाराला, आणि राउंडअपच्या आधी कुणी परस्पर डाग दिला तर तो गुन्हा. वर ज्याच्याकडे स्वतःची गुरं आहेत अशा काउबॉयला कामावर ठेवायचं नाही हा असोसिएशनचा नियम. म्हणजे काल जे काम मालकासाठी करून बक्षीस मिळत होतं तेच आज स्वतःसाठी केलं की चोरी. कायदा १८८८ मध्ये बदलला तरी कडवटपणा राहिला.

जुन्या लेखनात जॉन्सन काउंटी (या खोऱ्यातला जिल्हा) म्हणजे चोरांचा अड्डा असं चित्र येतं, ते मुख्यतः राजधानी शायेनमधल्या मालकधार्जिण्या वर्तमानपत्रांवरून घेतलेलं. अलीकडचे काही संशोधक चोरीचा आरोप हे निमित्त मानतात. चोरी होत होती हे नाकारता येत नाही, पण १८९२ मध्ये गुरंमालकांनी ७० जणांची यादी करून मारायला निघावं एवढी होती हे पटवणारा पुरावा दिसत नाही.

काउबॉयचं रोजचं जगणं थोडक्यात: महिन्याला ३० ते ४० डॉलर, तेही हंगामापुरते, हिवाळ्यात बहुतेकांना काम नाही. १८८६ च्या वसंतात मजुरीवरून इथल्या राउंडअपमध्ये संपही झाला. मग १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात गुरं ढिगाने मेली, कंपन्या बुडाल्या, आणि काम गेलेले अनेक जण स्वतःची चार गुरं घेऊन ओढ्याकाठी बसले.

जुलै १८८९ मध्ये स्वीटवॉटर नदीजवळ एला वॉटसन आणि जेम्स अ‍ॅव्हरेल या होमस्टेडरांना गुरंमालकांनी फासावर लटकवलं. शिक्षा कुणालाच नाही. वर्तमानपत्रांनी वॉटसनला बदनाम बाई ठरवलं, ते आता फारसं कुणी मानत नाही. १८९१ मध्ये आणखी खून झाले.

५ एप्रिल १८९२ ला ती यादी घेऊन, गुरंमालक फ्रँक वोलकॉटच्या नेतृत्वाखाली, बड्या मालकांची साधारण ५० माणसं शायेनहून खास ट्रेनने कॅस्परला गेली. त्यात निम्म्याच्या आसपास टेक्सासहून आणलेले बंदूकवाले, रोजचे ५ डॉलर आणि प्रत्येक मुडद्यामागे ५० असा सौदा होता म्हणतात. टेलिग्राफच्या तारा तोडल्या, सोबत वार्ताहर घेतले (हे जरा अजबच), आणि ९ तारखेला केसी रँचवरच्या घराला वेढा घातला. आत लहान रँचवाल्यांच्या बाजूचे निक रे आणि नेट चॅम्पियन होते. निक रे सकाळीच गोळी लागून पडला. नेट चॅम्पियन संध्याकाळपर्यंत एकट्याने लढला आणि घर पेटवल्यावर पळताना मारला गेला. मधल्या वेळात तो वहीत नोंदी करत होता; आज मिळतो तो मजकूर शिकागोच्या वार्ताहराने छापलेला, त्यामुळे शब्दन्‌शब्द चॅम्पियनचा मानताना जपून.

वाटेने जाणारा जॅक फ्लॅग, हाही लहान रँचवाल्यांच्या बाजूचा, निसटला, बफलो गावात बातमी पोचली, आणि शेरीफ रेड अँगसने दोनशेहून जास्त लोक जमवून टोळीलाच टीए रँचवर कोंडलं. गव्हर्नर बार्बरने राष्ट्राध्यक्ष हॅरिसनकडे मदत मागितली आणि १३ एप्रिलला फोर्ट मॅकिनी या लष्करी ठाण्याच्या घोडदळाने येऊन टोळीला ताब्यात घेतलं, खरं तर वाचवलं. टेक्सासवाल्यांपैकी दोघे मेले, पण स्वतःच्याच बंदुकीच्या अपघाती गोळीने.

खटला उभाच राहिला नाही. केसी रँचचे दोन साक्षीदार राज्याबाहेर पळवले गेले, कैद्यांचा खर्च जॉन्सन काउंटीला झेपेना, आणि जानेवारी १८९३ मध्ये प्रकरण रद्द झालं. नोव्हेंबर १८९२ च्या निवडणुकीत मात्र मालकांच्या बाजूचे मानल्या गेलेल्या रिपब्लिकनांना फटका बसला आणि डेमोक्रॅट ऑसबोर्न गव्हर्नर झाला. पुढे असोसिएशनने लहान रँचवाल्यांनाही सभासद करून घेतलं.

कुरणावरचा हिंसाचार थांबला नाही, फक्त रोख मेंढपाळांकडे वळला. १९०९ मध्ये टेनस्लीपजवळ स्प्रिंग क्रीकवर तिघा मेंढीवाल्यांना मारलं, त्या प्रकरणात मात्र पाच जण तुरुंगात गेले.